काड्या खाली कधी ठेवायच्या?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परवा पुन्हा तेच भांडण झालं: गणित कृतीतून शिकवावं की सरावातून? एका तरुण शिक्षिकेने सहावीच्या अपूर्णांकांवर पाठ घेऊन दाखवला. कागदाच्या भाकऱ्या, रंगीत पट्ट्या, शेवटी गटागटांचा खेळ. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून निवृत्तीला टेकलेल्या एका गुरुजींनी विचारलं, "बाई, हे सगळं छानच. पण पोरांना सातचा पाढा येतो का?" झालं! पुढचा अर्धा तास सभागृहात दोन तट. एकीकडून 'घोकंपट्टीने पोपट तयार होतात', दुसरीकडून 'खेळून कोण गणित शिकलंय?'. चहा आला तेव्हा कुठे वातावरण निवळलं. त्या अर्ध्या तासात एक गोष्ट मात्र कुणीच विचारली नाही. छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज त्या पाठात मुलांनी वहीत केली कधी? मी मोजत होतो. एकदाही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सहावी ते आठवीच्या गणितात कृती हवीच, पण ती सोडून देण्यासाठी हवी. वस्तू हातात कधी द्यायच्या याचं टाचण आपण काढतो, त्या खाली कधी ठेवायच्या याचं काढत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच पडतात. 'कृती की सराव' हा वाद दोन काठांवर उभं राहून चालला आहे. मधल्या पाण्यात कोण बुडतंय, हे दोन्ही बाजूंना दिसत नाही.

सहावी ते आठवी असं मुद्दाम म्हणतो. चौथीपर्यंतचं बरंचसं गणित हातात धरता येतं. आठ गोट्या असतात, दहा काड्यांचा गठ्ठा असतो, अर्धी भाकरीही असते. सहावीत पूर्णांक संख्या येतात आणि पहिल्यांदा असं काही समोर येतं, जे हातात घेता येत नाही. उणे तीन गोट्या कुणी पाहिल्यात? पुढे क्ष येतो, गुणोत्तर येतं. गुणोत्तर ही वस्तू नाही, दोन राशींमधलं नातं आहे. ते टेबलावर कसं मांडणार? म्हणजे ज्या वयात वस्तूंचा हात सुटायला हवा, त्याच वयासाठी आपण वस्तूंवरून भांडतो आहोत.

गुरुजींच्या प्रश्नात तथ्य होतं आणि ते पूर्णपणे मान्य करायला हवं. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. ५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज करताना 'बारा त्रिक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस' हे ज्याला आपोआप सुचत नाही, त्याची सगळी ताकद ३६ शोधण्यातच खर्च होते. आपण मुळात काय करत होतो, हे तोवर तो विसरलेला असतो. जुन्या शाळांतली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, छडीच्या धाकाने पाठ होत असे, त्या धाकाचं कौतुक नको. पण सातची दीडपट साडेदहा हे न अडखळता सांगणाऱ्या पोराची अपूर्णांकांशी घसट होती, आणि ती आजच्या बहुतेक सातवीच्या मुलांची नाही. पाढे पाठ असणं ही समजुतीची शत्रू नाही, तिची शिदोरी आहे.

पण इथून गुरुजी जिथे पोहोचतात तिथे मी जात नाही. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी साधारण ४५ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग देता आला. पाढेवाले हा आकडा पुराव्यासारखा नाचवतात: बघा, खेळ आले आणि गणित गेलं! मला विचारायचं आहे की फळ्यावरचा भागाकार वहीत उतरवून घेणं आपल्या शाळांतून बंद झालं होतं कधी? आठवीपर्यंत आलेल्या मुलाने शेकडो भागाकार 'उतरवले' असतील. शेकडो वेळा करूनही जे येत नाही, ते आणखी शंभर वेळा केल्याने येईल, हा विश्वास कुठून येतो?

सराव कुठे कमी पडतो हे मला सहावीतल्या एका मुलाने दाखवलं. त्याने लिहिलं होतं, १/२ + १/३ = २/५. मी म्हटलं, चूक. तो म्हणाला, "सर, काल दोन मॅच खेळलो, एक जिंकली. आज तीन खेळलो, एक जिंकली. पाचांत दोनच जिंकल्या ना?" काय चुकलं त्याचं? मॅचचा हिशेब बिनचूक होता. फक्त कालचे दोन आणि आजचे तीन हे एकाच पूर्णाचे भाग नव्हते. 'छेद समान करून घ्या' हा नियम त्याला मी शंभरदा घोकायला लावला असता, तरी त्याच्या डोक्यातला हा चोख युक्तिवाद तसाच बसून राहिला असता आणि घटक चाचणीच्या दिवशी बरोबर वर आला असता. पाढे त्याला तीसपर्यंत येत होते, हेही सांगायला हवं.

मग मी कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या दिल्या. एकीवर अर्ध्याची खूण, दुसरीवर पाच समान भाग करून त्यातल्या दोनांची. शेजारी ठेवल्यावर २/५ अर्ध्यालासुद्धा पोहोचत नव्हतं. "अर्ध्यात काहीतरी मिळवलंस आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं?" तो बराच वेळ गप्प बसला. पट्टीचं काम तिथे संपलं. दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या कपाटात ठेवल्या आणि त्याला एकच काम दिलं: मॅचचा हिशेब बरोबर आणि बेरीज मात्र चूक असं का, हे शब्दांत लिही. चार ओळी लिहायला त्याला अख्खी तासिका लागली. माझ्या मते त्या आठवड्यातलं खरं गणित त्या चार ओळींत होतं.

आता कृतीवाल्यांकडे वळतो. त्यांची बाजू हलकी नाही. गणिताची भीती ही काल्पनिक गोष्ट नव्हे, आणि हातात काही दिल्यावर वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी बोलू लागते हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. राज्य सरकारच्या २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत फरशा रंगल्या, गणितपेट्या आल्या, गणितमाळ भिंतीवर लागली. दोन रंगांत दहा-दहा मण्यांची ती माळ पाहून दुसरीतलं मूल '४७ म्हणजे चार उड्या आणि सात मणी' असं म्हणतं, तेव्हा त्याला स्थानिक किंमत आपल्या पिढीपेक्षा लवकर उमगलेली असते. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसबरोबर 'वीस एक, वीस दोन' असंही वाचन आलं, त्यावरून राज्यभर रण माजलं, तेव्हा भाषेची अस्मिता, विनोद, विधानसभा सगळं झालं. एकवीस म्हणणाऱ्या मुलाला त्यातले दोन दशक दिसतात का, एवढंच विचारायचं राहिलं. वाईट वाद घालण्याची आपल्याला सवयच आहे.)

अडचण अशी की वस्तूत आपल्याला गणित दिसतं, कारण ते आपल्याला आधीच येतं. मुलाला वस्तूच दिसते. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये हे नेमकं पकडलं होतं: समजूत काही बोटांच्या टोकांतून शिरून दंडातून वर चढत जात नाही. आणि रोजच्या जगण्यातलं गणित शाळेत आणलं की झालं, हा जो लाडका युक्तिवाद आहे, त्याला तर पुराव्यानेच तडा गेला आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक मूल ३५ क्रुझेरोंचा (तिथलं तेव्हाचं चलन) एक, अशा चार नारळांचे १४० तोंडी अचूक सांगतं. तीन नारळांचे १०५, त्यात ३५. त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ दिल्यावर उत्तर येतं २००. पाच चोक वीस, हातचे दोन. ते तिनात मिळवले, पाच झाले. पाच चोक वीस! नारळाचे १४० आणि कागदाचे २०० एकाच डोक्यात शेजारी राहत होते, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल हेच दाखवून दिलं, आणि उलटंही. बाजारात झरझर हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडतात. शाळेत गणित सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळतात.

यातून दोन्ही तटांनी आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की अनुभव असणं पुरत नाही आणि कागदाची रीत येणंही पुरत नाही. 'तीन नारळांचे १०५, त्यात ३५' हीच गोष्ट ३५ × ४ = ३५ × ३ + ३५ अशी लिहिता येते, हे त्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं. वितरणाचा गुणधर्म त्याच्या तोंडात होता. वहीत त्याला येऊ दिलं नव्हतं.

हा घोळ आपल्या मातीत एकदा होऊन गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकिर हुसेन समितीने जो आराखडा केला, त्यात हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा होता. सूतकताईतून भाषा, सूतकताईतून इतिहास, सूतकताईतून गणित. त्याला नाव होतं समवाय. ही कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नव्हती. सुताचा नंबर म्हणजे लांबी आणि वजन यांचं गुणोत्तर. नंबर वाढला की सूत बारीक. स्वतः कातलेल्या सुताचा नंबर काढणाऱ्या मुलाला तेवढ्याच वजनात जास्त लांबी म्हणजे काय हे बोटांना कळलेलं असतं, आणि व्यस्त प्रमाणाचा यापेक्षा चांगला धडा मला आजच्या कुठल्या पेटीत सापडलेला नाही. पण टकळीवर उणे संख्या कुठून आणणार? जिथे गणित सुतातच होतं तिथे समवाय झकास चालला. जिथे ते बाहेरून आणून सुताला बांधावं लागलं तिथे नुसता उपचार उरला. आजच्या आपल्या 'उपक्रमां'चं दुसरं काय होतंय? समीकरणांची सापशिडी मी पाहिली आहे. घरात उदाहरण लिहिलेलं, उत्तर बरोबर आलं तर पुढे सरकायचं. त्यात सापाचा समीकरणाशी संबंध काय? उदाहरणसंग्रहाला शेपूट लावून वळवळायला लावलं, इतकंच.

मग बरी कृती कशी असते? माझ्या अनुभवात आगपेटीच्या काड्यांना तोड नाही. काड्यांचा एक चौकोन करायला चार काड्या. त्याला चिकटून दुसरा, एकूण सात. तिसरा, दहा. इथवर सगळी मुलं आनंदात असतात. मग मी विचारतो, शंभर चौकोनांना किती? पेटीत काड्या पन्नासच्या आसपास. कुणी मित्राची पेटी मागतं, कुणी चित्र काढू लागतं, आणि पाचेक मिनिटांत कुणीतरी हातातल्या काड्या खाली ठेवून छताकडे बघायला लागतं. मला हवा असतो तो हाच क्षण. मी काहीही सांगितलेलं नसतं. काड्या अपुऱ्या पडल्या म्हणून डोकं चालू लागलेलं असतं.

पुढे तर आणखी मजा. एक म्हणते, पहिली उभी काडी सोडली तर प्रत्येक चौकोनाला तीन, म्हणून ३क्ष + १. दुसरा म्हणतो, पहिल्याला चार, उरलेल्यांना तीन-तीन, म्हणजे ४ + ३(क्ष − १). तिसरीने वरच्या काड्या वेगळ्या मोजल्या, खालच्या वेगळ्या आणि उभ्या वेगळ्या: क्ष + क्ष + (क्ष + १). तिघांचं उत्तर ३०१. आता वर्गात खरं भांडण लागतं: सूत्र तीन आणि उत्तर एक कसं? कंस सोडवणं ही तोवर सरावसंचातली शिक्षा होती; आता त्या भांडणाचा निकाल लावायला तिची गरज पडते. त्यानंतर वीस उदाहरणांचा सराव दिला तर मुलं कुरकुरतात, पण कशासाठी करतोय हे त्यांना ठाऊक असतं. काड्या तोवर पेटीत परत गेलेल्या असतात, मी न सांगता.

उणे संख्यांच्या बाबतीत काड्या खाली ठेवणं लांबवलं की कसा घात होतो, ते पाहण्यासारखं आहे. फरशीवर संख्यारेषा काढून उड्या मारणं बेरजेपर्यंत उत्तम. पण −३ − (−५) साठी 'डावीकडे तोंड कर, वजाबाकी म्हणून मागे फिर, पुन्हा उणे म्हणून उलटा चाल' असं सुरू झालं की मूळ नियमापेक्षा उड्यांचे नियमच अवघड होतात. त्यापेक्षा आपल्या शब्दांतच साधन दडलेलं आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या संख्यांचे नियम सांगताना धन आणि ऋण हेच शब्द वापरले, मालमत्ता आणि कर्ज. आपल्याकडे तर कर्जमाफीचं उदाहरण समजवावं लागत नाही: दोन-दोन रुपयांची तीन कर्जं माफ झाली, म्हणजे सहाने बरं झालं, (−३) × (−२) = ६. पण हा दाखलाही फार लांब ताणता येत नाही. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने शाळकरी वयातली आपली अडचण लिहून ठेवली आहे: दहा हजार फ्रँकांच्या कर्जाला पाचशे फ्रँकांच्या कर्जाने गुणलं तर पन्नास लाखांची संपत्ती कशी होईल? त्याच्या शिक्षकांना उत्तर देता आलं नाही. ते देता येणारच नव्हतं, कारण कर्जाला कर्जाने गुणणं या बोलण्याला अर्थच नाही. इथे कर्ज सोडायचं आणि फळ्यावर नुसते अंक मांडायचे. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. दर पायरीला उत्तर दोनने वाढतंय. पुढची पायरी? सातवीचा वर्ग 'अधिक दोन' असं एका सुरात ओरडतो. साहित्य: खडू. हीसुद्धा कृतीच आहे, पण तपासणीच्या तक्त्यात ती कुठल्या रकान्यात बसवायची हे मला अजून कळलेलं नाही.

वर्तुळाच्या पाठात तर कृती सरळ खोटं बोलायला शिकवते. मुलं बांगड्या, डब्यांची झाकणं, परात आणतात, दोऱ्याने परीघ मोजतात, व्यासाने भागतात. उत्तरं येतात ३.०५, ३.३, २.९. तासिका संपेपर्यंत सगळ्या वह्यांत ३.१४ कसं होतं, हे प्रत्येक गणितशिक्षकाला माहीत आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ६२८३२ भागिले २०००० ही किंमत दिली आणि तिला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळची. त्याच्याकडे जो प्रामाणिकपणा होता तो आपण आठवीच्या मुलांकडून काढून घेतो. ते ३.०५ आणि ३.३ तसेच वहीत राहू द्यावेत, आणि त्यांच्यावर उभं राहून विचारावं: बांगडीला आणि विहिरीला एकच संख्या लागू व्हावी, असं का? मोजून याचं उत्तर मिळत नाही. त्रिकोणाच्या कोनांचंही तसंच. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून जोडले की सरळ रेषा 'दिसते'. ती असलीच पाहिजे हे शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढल्यावरच कळतं. दिसतं तिथून असायलाच हवं तिथवर नेणं हेच या तीन इयत्तांचं काम, आणि कोपरे वहीत चिकटवून तास संपवला तर ते सुरूच होत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने ऐकवला. "सगळ्यांनी एकाच वेळी काड्या खाली ठेवायच्या हे तुम्ही कोण ठरवणार?" बरोबर आहे. कुणाला तीन चौकोन पुरतात, कुणाला तीस. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत हे सांभाळणं कठीण आहे, आणि मलाही ते दर वेळी जमत नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'ने इयत्तेऐवजी मुलांच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची जी रीत रुजवली, तिच्यात काड्यांचे गठ्ठे आहेत, त्यावर बोलणं आहे आणि लगेच लिहिणंही आहे. तशी थोडी लवचीकता सातवीच्या वर्गातही आणता येते. वेळ प्रत्येकाची वेगळी, हे मान्य. पण वेळ येऊच द्यायची नाही, यात मुलाचं भलं कसं?

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. ज्या 'प्रकल्पा'साठी आईला रात्री नऊ वाजता थर्माकोल शोधत फिरावं लागतं आणि जो शेवटी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, त्यात गणित शिकलंच असेल तर दुकानदार शिकला असेल.

परिषदेच्या शेवटी केंद्रप्रमुखांनी पाठनिरीक्षणाचा नवा तक्ता वाटला. घटक, उपघटक, वापरलेलं साहित्य, विद्यार्थी सहभाग, छायाचित्र जोडावे. मी विचारलं, 'साहित्य केव्हा बाजूला ठेवलं' असा एक रकाना घालता येईल का? ते जरा गोंधळले. "त्यात भरायचं काय, सर?"

"मिनिटं," म्हटलं. "आणि फोटो वहीचा."